डोंगरवाटेची नोंद: चढ जमतोय, आता उताराकडे बघू

सुट्टीचा ग्रुप रन झाला. अंतर 14 किलोमीटर, एकूण चढाई 620 मीटर. निम्मी वाट मातीची, निम्मी दगडगोट्यांची. आधी झाडीतून लांबलचक चढ, मग उघडी धार, खिंडीतून खाली ओढ्यापर्यंत उतार, पुन्हा एक छोटा पण दमछाक करणारा चढ आणि शेवटी सुट्या खड्यांचा तो कुप्रसिद्ध उतार. आधी आलेल्यांना कुठला ते सांगायला नको.

सरासरी पेस मुद्दामच लिहीत नाही. एका किलोमीटरला सहा मिनिटं लागली आणि पुढच्याला तेरा, तर त्यांची सरासरी काढून हाती काय लागणार? त्यापेक्षा ट्रेलवाल्या, म्हणजे डोंगरवाटांवर पळणाऱ्यांच्या, आंतरराष्ट्रीय संघटनेची (आयटीआरएची) पद्धत बरी: दर 100 मीटर चढाईला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे आपला रन 14 अधिक 6.2, साधारण 20 'एफर्ट किलोमीटर'चा झाला. रस्त्यावर 14 आरामात मारणारी नवी मंडळी इथे बाराव्या किलोमीटरला गप्प का होतात, ते यावरून कळतं. दुसरा हिशोब त्याहून जुना, 1892 सालचा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी सांगितलेला: तीन मैलांना एक तास, वर दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. त्या मापाने या वाटेला जवळजवळ चार तास लागावेत. आपली शेवटची जोडी सगळे थांबे धरून पावणेतीन तासांत पोचली. चालत-पळत का होईना, हे छानच आहे.

आता गंमत बघा. दोन्ही सूत्रांत उताराचा हिशोबच नाही. वर चढलात ते मोजलं, खाली आलात ते फुकट! आणि हा महिनाभर माझं सगळं काम नेमकं उतारावरच चाललंय.

दमाच्या बाबतीत उतार खरंच स्वस्त असतो. मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये डोंगरात पळणाऱ्या कसलेल्या धावपटूंना वेगवेगळ्या तीव्रतेच्या चढ-उतारांवर ट्रेडमिलवर पळवून मोजमाप केलं. सुमारे 20 टक्के उतारावर अंतरामागे लागणारी ऊर्जा सगळ्यात कमी निघाली, सपाटीच्या जवळपास निम्मी. त्याहून तीव्र उतार आला की खर्च पुन्हा वाढतो, कारण मग आपण पळण्यापेक्षा ब्रेक लावण्यातच जास्त गुंततो. म्हणजे छातीला आराम. पण बिल मांड्यांच्या नावावर फाटतं. पाऊल टेकताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि त्यातून स्नायूंना बारीक इजा होते. ठणका त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जिना उतरताना आई आठवते ती तेव्हा.

दिलासा एवढाच की स्नायू हे लक्षात ठेवतात. एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला ते कमी कुरकुरतात. म्हणून मी आठवड्यातून एकदा जवळच्या टेकडीवर चालत वर आणि पळत खाली असा सराव सुरू केलाय. फार नाही, मांड्या जाग्या होतील इतपतच. या रनचा निकाल: दुसऱ्या दिवशी थोडा जडपणा, तिसऱ्या दिवशी सपाटीवर हलकं पळून झालं. मागच्या वेळी याच वाटेनंतर तिसऱ्या दिवशी कठडा धरून उतरत होते.

त्या शेवटच्या उताराबद्दल थोडं तपशिलात. खाली घट्ट कडक मुरूम, वर वाटाण्याएवढे गोल खडे. बुटाच्या तळव्याचे दात कितीही खोल असोत, कडक जमिनीत ते रुततच नाहीत. भीतीने अंग मागे टाकलं की टाच पुढे जाते, आणि टाच खड्यांवर पडली की बैठक ठरलेली. मी या वेळी तीन गोष्टी केल्या: पावलं आखूड आणि भराभर, गुडघे किंचित वाकलेले, आणि नजर चार-पाच पावलं पुढे. हात बाजूला पसरलेले, दिसायला अगदीच हास्यास्पद. वाटेच्या मधोमध खडे गुळगुळीत झालेत. कडेला गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलीय, तिथे पाय बसतो. मधला दगड स्थिर आहे का याचा विचार करण्याइतका वेळ त्यावर उभंच राहायचं नाही, हे आपल्या पुढे पळणाऱ्या ताईंचं म्हणणं मला आता कुठे पायांतून कळायला लागलंय.

लेसचा एक उपाय हवा तेवढा कोणी करत नाही. बुटाला घोट्याजवळ सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं, त्यातून लेस त्याच बाजूला आत घालून छोटा फासा ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्यातून ओवायची, दोन्ही टोकं खाली ओढून मग गाठ. टाच जागेवर राहते आणि उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. नखं काळी होणाऱ्यांनी नवे बूट घेण्याआधी हे करून बघावं.

चढाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. तीव्र चढ चालतच गेले, हात मांड्यांवर टेकून. अशा चढावर पळणाऱ्याच्या आणि झपाझप चालणाऱ्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही, दमण्यात मात्र पडतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक, एकेक शब्द सुटायला लागला की वेग कमी.

ग्रुपचं म्हणाल तर फाट्यांवर थांबायचा नियम या वेळी नीट पाळला गेला. शेवटचा माणूस पोचला की लगेच निघायचं नाही, त्याचा श्वास परत येईपर्यंत थांबायचं. नाहीतर पुढच्यांना पाच मिनिटं विश्रांती आणि ज्याला गरज त्याला शून्य. धारेवर वारा जोरात होता, तिथला थांबा मात्र झाडीच्या आत हलवायला हवा. घामेजलेले सगळे कुडकुडत होते. स्वीपरच्या, म्हणजे ग्रुपच्या सगळ्यात मागे राहणाऱ्याच्या, शिट्टीचा आवाज ओढ्यापाशी पुढच्यांना अजिबात ऐकू आला नाही, तेव्हा त्या टप्प्यात दोन स्वीपर ठेवूया.

पुढच्या खेपेला हीच वाट उलटी करायचा विचार आहे. खड्यांचा उतार चढ होईल, आणि झाडीतला लांब चढ सलग उतरायला मिळेल. तिथे मुळं फार आहेत, पाऊस पडून गेला असेल तर बेत रद्द. उलट्या दिशेने ओढ्याआधीचा फाटा पटकन दिसत नाही, त्यामुळे वाट माहीत असलेलं कोणीतरी पुढे लागेल. पाणी प्रत्येकी किमान दीड लिटर, कारण ओढ्याचं पाणी पिण्यासारखं नाही. स्वीपर म्हणून मी मागे राहायला तयार आहे, दुसरं कोण येतंय ते सांगा.