पलटण तयार झाली, पण रांगेत उभी राहीना

वीस बुटके, टेबलावरच्या लढाईच्या खेळातले चिमुकले सैनिक. सगळे जोडून, रंगवून, बेसवर (पायाखालच्या चौथऱ्यावर) वाळू-गवत लावून तयार. त्या रात्री मोठ्या हौसेनं सगळ्यांना एकत्र हलवायचा ट्रे काढला, एकेक मांडायला घेतला आणि तिसऱ्यालाच अडलो. त्याच्या कुऱ्हाडीचं पातं थेट दुसऱ्याच्या नाकात.

मूळ पाप कन्व्हर्जनच्या, म्हणजे तयार आकृत्यांत फेरफार करण्याच्या वेळी झालं होतं. किटमधल्या बुटक्यांना एकहाती कुऱ्हाड आणि ढाल होती. मला हवी होती दोन्ही हातांनी धरायची, भलीमोठी. दुसऱ्या किटमधले हात कापून लावले, प्रत्येकाची पोझ वेगळी: कुणी डोक्यावर उगारलेली, कुणी आडवी फिरवलेली. एकेकटा बघितला तर काय रुबाब! डोकी बदलणं तर बुटक्यांचं फारच सोपं. मान दिसतच नाही. फट राहिली तरी तिथे ग्रीन स्टफ या मळायच्या पुटीची वळकटी चिकटवायची, सुईनं केसांच्या रेघा ओढायच्या, झाली दाढी. (सुई ओली ठेवा, नाहीतर पुटी तिलाच चिकटून दाढीसकट निघून येते.) रंगकाम काय, प्रायमर, मूळ रंग, वॉश, ड्रायब्रश. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घोटाळा असा की आमचा खेळ रेजिमेंटचा, म्हणजे सैनिक रांगांत उभे करून एकत्रच हलवायचा. प्रत्येक बेस २० मिमी चौरस, पाच-पाचच्या चार रांगा, म्हणजे १०० बाय ८० मिमीच्या चौकटीत सगळे खेटून. गोल बेसवर सुटे सैनिक फिरवणाऱ्यांना हे दुखणंच नाही. त्यात बुटका उंचीला कमी असला तरी अंगानं आडवा; खांदेच बेसच्या कडेपर्यंत येतात. वर ती आडवी कुऱ्हाड.

दोन रात्री नुसत्या जागा बदलण्यात गेल्या. एक जण शेजाऱ्याशी जुळला की मागच्याची दाढी खरवडायचा. तिसऱ्या रात्री कुऱ्हाडी आड येत नाहीत असे पाच निवडून पुढे उभे केले, तर ती रांगही ट्रेमध्ये मावेना. पट्टी लावली: १०४ मिमी. चार मिलिमीटर आले कुठून? वाळूतून! पांढरा गोंद बेसच्या कडेवरून ओघळला होता, त्यावर वाळू बसली, वाळूवर रंग. एका बाजूला जेमतेम ०.४ मिमी, पण पाच बेसच्या बाजू दहा. वीस बेसच्या ऐंशी कडा कानशीनं घासल्या आणि पुन्हा काळ्या केल्या. गोंद ओला असतानाच कडेवरून बोट फिरवलं असतं तर हे सगळं टळलं असतं, हे घासताना ऐंशी वेळा मनात आलं.

मग कुऱ्हाडी. पातं शेजाऱ्याच्या डोक्यावरून जायला हवं, म्हणजे काही जणांना उंच करणं आलं. सुपरग्लूचा जोड थंडीनं ठिसूळ होतो, म्हणून सहा जणांना तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं. चौघं हलक्या हिसक्यानं सुटले; त्यांच्या पायाखाली बुचाचा तुकडा, वर खडकाचा रंग. उरलेल्या दोघांच्या पायात मीच मोठ्या शहाणपणानं पेपरक्लिपच्या पिना घातल्या होत्या. ते ढिम्म. त्यांना उजव्या टोकाला टाकलं, तिथे कुऱ्हाड हवेत फिरते. (पिन धातूच्या जड आकृत्यांना हवीच, प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट पुरतं, ते जोड वितळवूनच घट्ट करतं.)

तरीही चौघं कशातच बसेनात. शेवटी ४० मिमीचा एक चौरस बेस घेतला, त्यावर मोठा खडक आणि खडकावर त्या चौघांतला सर्वांत आडमुठा एकटा उभा केला. हा बेस चार जणांची जागा घेतो आणि चार जण म्हणूनच मोजला जातो. समोरच्याला खेळाआधी विचारून घ्यायचं एवढंच. बाकीचे तिघं टेबलावर दिव्याखाली उभे आहेत, हवं तितकं अंतर ठेवून.

आणि हो, जागा एकदा जमली की बेसच्या खाली मार्करनं नंबर टाका. मी टाकले नव्हते. ट्रे एकदाच कलंडला.

आता दहा बंदूकवाले हातात घेतलेत. सगळ्यांच्या नळ्या सरळ समोर. हात ब्लू टॅकनं (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्यानं) नुसते टेकवलेले, रंगाचा एक थेंब नाही, आणि आठवडाभर ते ट्रेमध्येच उभे आहेत.