पिठल्याचे प्रमाण

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला सहलीच्या जागा शोधाव्या लागत नाहीत. कासचे पठार, ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड इतके हाताशी आहेत की घरचे लोक तिथे बहुधा पाहुण्यांना दाखवायला म्हणूनच जातात. आमच्या कुटुंबाची स्वतःची म्हणावी अशी सहल वर्षातून एकदाच निघे, आणि तीही कामाची असे. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की आम्ही साताऱ्याहून निघायचो, वाठार स्टेशनवरून पुढे सालपे घाट उतरायचो आणि लोणंदच्या बाहेर, तरडगावच्या रस्त्याला लागून असलेल्या आत्याच्या वस्तीवर दाखल व्हायचो. पुण्याहून चुलते यायचे, मुंबईहून मावसभाऊ यायचे, आणि अंगणात इतक्या चपला पडायच्या की सकाळी आपला जोड सापडणे हाच एक उद्योग होऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रथ लोणंदहून हलण्याच्या कितीतरी आधी, पुढे चालणारे वारकरी वस्तीसमोरून जाऊ लागत आणि त्यांना पिठले, भाकरी, मिरचीचा खरडा आणि कांदा वाढायचा, एवढाच आमचा नेम होता. भाकरी भावकीतल्या दहा घरांत वाटून दिलेल्या असत, प्रत्येक घराने पन्नास करायच्या. दुरड्यांतून धडप्यात गुंडाळून आलेल्या त्या भाकरींची मोजणी आजी स्वतः करी आणि कुणाच्या घरच्या चार कमी आहेत हे चारचौघांत बोलूनही दाखवी. कांद्याची चिंता नसे, कारण लोणंदचा बाजार कांद्याचाच आहे. पिठले मात्र आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, त्यांच्याकडे असे. चुलवणावर मोठे पातेले चढवून, डोक्याला पंचा बांधून, लाकडी फळीने ते ढवळत बसत, बेसन किती, पाणी किती आणि फोडणीला तेल किती हे विचारले तर त्यांचे उत्तर एकच असे, “मापानं केलं तर पिठलं होतंय व्हय?”

दुपारी मग चांदोबाच्या लिंबाला जायचे. पालखीच्या वाटेवरचे पहिले उभे रिंगण तिथे होते. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगा करून उभे राहतात, मधल्या मोकळ्या वाटेने स्वाराचा अश्व आणि माउलींचा अश्व दौडत जातात, आणि ते गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते तिच्यात लहानपणी दोनदा माझी टोपी हरवली. रिंगणानंतर तालुक्याच्या गावाहून आलेले भेळवाले, वाटेतला उसाचा रस आणि अंधार पडताना घाट चढून परत सातारा, असा तो दिवस संपत असे.

२०२० साली हे सगळे थांबले. प्रस्थान आळंदीत मोजक्या लोकांच्या उपस्थितीत झाले, पादुका पुढचे दिवस तिथेच राहिल्या आणि दशमीला, म्हणजे ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आम्ही ती बस साताऱ्यात घरी बसून दूरदर्शन संचावर पाहिली. ज्या दिवसांत पालखी लोणंदला असायची त्या दिवसांत चुलते पुण्यात अडकलेले होते, कारण जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, आणि पास मिळाला असता तरी गावात बाहेरून आलेल्यांना आधी चौदा दिवस वेगळे राहावे लागत होते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘यंदा घर हीच पंढरी’ अशा अर्थाचे संदेश फिरले, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा राग आला. विठ्ठल घरात आहे हे मान्यच आहे, पण आमची वारी विठ्ठलापेक्षा त्या पाचशे भाकरींची होती, आणि चार माणसांच्या घरात पाचशे भाकरी करता येत नाहीत.

आजीने तेव्हा एक गोष्ट सांगितली, जिचा मला आधार वाटला. आज दिसते त्या स्वरूपात हा सोहळा उभा केला तो हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आणि ते आरफळ गाव आमच्याच सातारा तालुक्यातले. त्यांच्या आधी पादुका गळ्यात बांधून पायी पंढरीला नेल्या जात. “रथ नव्हता, घोडा नव्हता, तवाबी पादुका जातच हुत्या की,” असे म्हणून ती पुन्हा लसूण सोलायला लागली. लसूण कशासाठी, असे विचारायचे मला धाडस झाले नाही; त्या दिवशी आमच्याकडे रात्री पिठलेच होते, चार माणसांपुरते, आणि ते बरेच उरले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मामा गेले. दुसरी लाट होती, खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले होते, आणि अंत्यसंस्काराला आमच्यापैकी कुणालाही जाता आले नाही. त्या आषाढातही पादुका बसनेच गेल्या. आम्ही या वेळी संच लावला नाही.

२०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. आम्ही घाट उतरून वस्तीवर पोहोचलो तेव्हा माळ्यावरून काढलेले मोठे पातेले अंगणात घासून ठेवलेले होते, भाकरीची वाटणी आत्याने आधीच केली होती, आणि आजी गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून मोजणीला तयार होती. सगळे होते. पहाटे चार वाजता चुलवण पेटल्यावर लक्षात आले की पिठल्याचे प्रमाण कुणालाच ठाऊक नाही. पाणी आधी उकळायचे की पीठ आधी कालवून ओतायचे यावर दोन चुलत्यांत वाद झाला, आत्या काहीच बोलेना, आणि शेवटी थोरल्या चुलत्यांनी उकळत्या पाण्यात बेसन भरभर सोडले. लिंबाएवढ्या गाठी झाल्या. मी आणि मावसभाऊ तासभर त्या डावाने पातेल्याच्या कडेला दाबून फोडत होतो, आणि निम्म्या तशाच राहिल्या.

वारकऱ्यांनी ते पिठले खाल्ले. परभणीकडच्या एका दिंडीतल्या म्हाताऱ्या बाईंनी गाठ बोटाने फोडून भाकरीला लावली आणि “माउली, मिरची कमी पडली,” एवढेच सांगितले.

त्यानंतर आत्याने एक काम केले. दोन-तीनदा थोड्या थोड्या अंदाजाने करून पाहिले आणि जमलेले प्रमाण भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या जून महिन्याच्या पानामागे पेनाने लिहून ठेवले: दहा किलो बेसन, चाळीस लिटर पाणी, पीठ गार पाण्यात आधी कालवून घेणे, तेल दीड लिटर. पुढच्या वर्षी ते पान फाडून तिने स्वयंपाकघरातल्या फडताळाला आतून चिकटवले. मिठापुढे तिने आकडा घातलेला नाही, ‘चव घेऊन’ असे लिहिले आहे, आणि मिरचीपुढे ‘जास्त’.