क्राफ्ट जिन स्पर्धेला पाठवायची तर

परीक्षकासमोर बाटली येत नाही. येतो क्रमांक चिकटवलेला ट्यूलिप ग्लास आणि त्यात २०-२५ मिली जिन. लेबलवरचा हत्ती, बाटलीचं जड बूड, पहाटे खुडलेल्या फुलांची कहाणी, सगळं मागच्या खोलीत राहतं. म्हणून फी भरण्याआधी आपली जिन एकदा तशीच, नावागावाशिवाय, बाजारातल्या दोन चांगल्या जिनांच्या मध्ये ठेवून चाखावी. निम्म्या चुका तिथेच कळतात.

(हे सगळं परवाना असलेल्या डिस्टिलरीसाठी. घरी भट्टी लावणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, छंद म्हणूनसुद्धा.)

पहिली गल्लत वर्ग निवडताना होते. युरोपच्या नियमात जिन म्हणजे किमान ३७.५% अल्कोहोल आणि चवीत जुनिपर (एका झुडपाची बोरासारखी सुगंधी फळं) पुढे. अमेरिकेत किमान ४०%. ‘लंडन’ हे गावाचं नाव धरू नका, ती पद्धत आहे. सगळे बॉटॅनिकल्स (सुगंधासाठीची फळं, बिया, मुळं, साली) आसवनाच्या वेळीच स्टिलमध्ये, म्हणजे आसवनाच्या भांड्यात, असायला हवेत, नंतर पाणी आणि फार तर त्याच दर्जाचं स्पिरिट. रंग नाही, गोडवा लिटरला ०.१ ग्रॅमच्या वर नाही. आसवन झाल्यावर कोकम किंवा गोकर्णाची फुलं भिजवलीत की लंडन ड्राय संपली, ती बाटली फ्लेवर्ड किंवा कंटेम्पररी (नव्या धाटणीच्या) वर्गात जाते. गोकर्णाचं आणखी एक दुखणं आहे: तो निळा रंग उजेडात विटतो. पारदर्शक बाटलीतून पाठवलेला नमुना काही महिने उजेडाच्या फळीवर राहिला तर टेबलावर राखाडी पाणी येतं. नेव्ही स्ट्रेंग्थ म्हणाल तर ५७%. ५०% ची जिन कडक असेल, नेव्ही नाही.

आता मसाल्याचा डबा. आपल्याकडच्या जिनांची खरी परीक्षा इथे होते. लिटरभर ५०% स्पिरिटला एकूण २५ ग्रॅम बॉटॅनिकल्स धरले तर साधारण १३ ग्रॅम जुनिपर, ६ ग्रॅम धणे, २ ग्रॅम अँजेलिका या सुगंधी वनस्पतीचं मूळ, ऑरिस (आयरिसच्या मुळाची पूड) चिमूटभर. उरलेल्या तीन-साडेतीन ग्रॅममध्ये तुमची सगळी कलाकुसर बसवायची. त्यात वेलची नुसती अर्धा ग्रॅम पडली तरी ग्लासातून मसाला दूध वर येतं आणि जुनिपर कुठे गेलं ते परीक्षक शोधत बसतो. जुनिपर सापडलं नाही, की बाकी कितीही छान असो, जिन म्हणून गुण जातात.

दुसरं, वाफेबरोबर काय वर येतं हे न बघता प्रमाण वाढवलं जातं. कोकमाचा आंबटपणा, मिरीचा तिखटपणा, हळदीचा रंग, यांतलं काहीही स्टिलच्या मानेपलीकडे जात नाही. तिरफळाचंही तसंच. जिभेला मुंग्या आणणारी द्रव्यं जवळजवळ मागेच राहतात, येतो तो लिंबाच्या अंगाचा सुरेख वास. झिणझिण यावी म्हणून तिरफळ दुप्पट केलं तर झिणझिण येत नाहीच, वास मात्र भांडं धुण्याच्या साबणावर जातो. फॉर्मवर ‘कोकमाचा आंबट स्पर्श’ लिहून रंगहीन लंडन ड्राय पाठवणारे असतात. जाणकार परीक्षक तेवढ्यावरून ओळखतो की हे वर्णन जाहिरातवाल्याने लिहिलंय.

भारतात बऱ्याच बाटल्यांवर ४२.८% दिसतं. तो आकडा ताकद मोजायच्या जुन्या ब्रिटिश मापातल्या ७५ प्रूफचा. पाणी घालून तिथपर्यंत उतरताना हिशेब चुकतो, कारण अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर घनफळ आक्रसतं. ८०% चं १०० लिटर डिस्टिलेट ४२.८% वर आणलं की सुमारे १८७ लिटर जिन होते. वजाबाकी सांगते ८७ लिटर पाणी घाला. प्रत्यक्षात साडेनव्वद लागतं. म्हणून वजनावर काम करावं, लिटरवर नाही. अल्कोहोलमीटर २०° सेल्सिअसला बेतलेला असतो. गोव्याच्या शेडमध्ये ३०° ला तोच मीटर साडेतीन-चार टक्के जास्त दाखवतो. तक्ता न बघता त्या आकड्यावर पाणी ओतलं तर ४२.८ समजून ३९ ची जिन भरली जाते. युरोपात लेबलवरच्या आकड्याला फक्त ०.३ टक्क्याची सूट आहे. साखर घातलेल्या जिनमध्ये मीटर उलट कमी दाखवतो, तिथे प्रयोगशाळेतून मोजूनच घ्यावं.

पाणी आरओ किंवा डीमिनरलाइज्ड. बोअरच्या पाण्यातले क्षार आठ-पंधरा दिवसांनी पांढऱ्या कणांच्या रूपात तळाशी बसतात. ते कण आणि तेलाचा गढूळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल जास्त झालं तर पाणी घातल्यावर सगळा ग्लासच दुधाळ होतो. सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. ताकद उतरली की ती बारीक थेंबांनी बाहेर पडतात. चक्रीफूल, बडीशेप आणि लिंबूवर्गीय साली यात आघाडीवर. तपासणी सोपी आहे: २० मिली जिनमध्ये २० मिली फ्रिजमधलं पाणी घाला आणि काळ्या कागदासमोर धरा. परीक्षकही साधारण हेच करणार आहे. पाण्याने आलेल्या हलक्या धुक्याला आम्ही परीक्षक गुण कापत नाही, बाटलीतच गढूळ आलेल्या जिनला कापतो. उपाय म्हणजे बॉटॅनिकल्स कमी करा, थोडं न्यूट्रल स्पिरिट मिसळून तेल पातळ करा, नाहीतर ताकद दोन-तीन टक्के वर ठेवा. चिल फिल्टर, म्हणजे थंड करून गाळणं, अगदी शेवटचा उपाय, कारण धुक्याबरोबर तो वासही घेऊन जातो.

ग्लासात नाक घालण्याची पद्धत वाइनची नाही. ४३ टक्क्याला वाइनसारखं खोल हुंगलं की पुढची दहा मिनिटं नाक बधिर. ग्लास हनुवटीपाशी, तोंड किंचित उघडं, दोन छोटे श्वास. नेलपॉलिशचा वास म्हणजे हेड, म्हणजे धारेचा सुरुवातीचा टाकून द्यायचा भाग, नीट काढला नाही किंवा मूळ ईएनए (ज्यापासून जिन करतात ते न्यूट्रल स्पिरिट) घाणेरडं. ओला पुठ्ठा, शिळी भाजी, चघळलेली काडी म्हणजे टेलकडे, धारेच्या शेवटच्या भागाकडे, फार वेळ गोळा केलं. स्टिलमधून आधी सालींचे हलके वास येतात, मग जुनिपर-धणे, शेवटी मुळं आणि जड मसाले. धारेची ताकद ६० ते ५०% च्या दरम्यान आली की कुठेतरी थांबायचं असतं. आणखी थोडं मिळेल म्हणून थांबलं नाही, तर तो हावरटपणा घशाशी कडू लागतो. सगळ्यात गुप्त दोष संत्रा-लिंबाचा. सालीतलं लिमोनीन हवेने बिघडतं आणि टर्पेंटाइनकडे झुकतं. अर्धी उघडलेली बाटली फोटोसाठी वापरून मग तीच पुन्हा बूच लावून पाठवली, की हे हमखास.

परीक्षकांचं टेबल चालवणाऱ्यांसाठी थोडं. एका फेरीत सहा ते आठ ग्लास, कमी ताकदीकडून जास्तीकडे, फ्लेवर्ड आणि गोड शेवटी. ग्लासांवर झाकण, खोली २०° च्या आसपास, थुंकायला भांडं, तोंडाला साधं पाणी आणि बिनमिठाची बिस्किटं. अत्तर लावून आलेला परीक्षक परत पाठवावा, मग तो कितीही मोठा असो. पहिला ग्लास सगळ्यांच्या ओळखीच्या जिनचा ठेवून आपापले गुण जुळवून घ्यावेत. एखादा नमुना गुपचूप दोन फेऱ्यांत फिरवावा. एकाच जिनला एकाच माणसाने ८६ आणि ९४ दिले तर त्याची जीभ दमली आहे. गुण चर्चेआधी लिहायचे, आणि ज्येष्ठाने सगळ्यात शेवटी बोलायचं. नाहीतर टेबलावर पाच माणसं आणि मत एक.

पदकांचे अर्थही सारखे नसतात. १९६९ पासूनच्या आयडब्ल्यूएससीत (इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशन) ९५ ला सुवर्ण आणि ९८ पासून पुढे गोल्ड आउटस्टँडिंग. २०२० मध्ये गोव्याच्या स्ट्रेंजर अँड सन्सला ते मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पर्धेत डबल गोल्ड म्हणजे टेबलावरच्या प्रत्येकाने सुवर्णच दिलं. लेबलवर नुसतं ‘सुवर्णपदक’ छापताना स्पर्धा आणि वर्ष दोन्ही लिहा.

आणि जी बॅच पाठवली तिच्याच दोन बाटल्या अंधारात, उभ्या, सील न फोडता ठेवा. शेरे यायला काही महिने लागतात. ‘शेवट कोरडा, मुळं जास्त’ असा शेरा आला तर तो आजच्या बॅचवर तपासून उपयोग नाही. त्या दिवशी त्यातली एक बाटली उघडा, अर्ध्याला अर्धं पाणी घाला आणि शेरा समोर ठेवून चाखा. दुसरी पुढच्या बॅचशी ताडून बघायला लागते.