दिवेआगरला व्हॅन अडली, पण बॅटरी चांगली होती

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर साधारण 160 किलोमीटर. आमची ओम्नी 2006 सालची, बाबांनी घेतलेली, आणि हा रस्ता तिच्या चांगला सवयीचा. या खेपेला मुळशीच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हाच तिने इशारा दिला होता. गरम इंजिनावर सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला तर तो जड, ओढत ओढत फिरला. गाडी सुरू झाली म्हणून मी तसाच पुढे निघालो. जुनी गाडी असं करते तेव्हा तिथेच दहा मिनिटं द्यावीत, कारण पुढे निजामपूर येईपर्यंत घाटात फोनला रेंजसुद्धा धड मिळत नाही.

दोन दिवस मजेत गेले. रविवारी सकाळी आई मागे बसली, आगळाच्या बाटल्या आणि सुपारी ठेवून झाली, मी किल्ली फिरवली आणि सीटखालून फक्त एक "टक्" आलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका धावत आले. "धक्का मारू या? चार पोरं बोलावतो." फोनवर एका दुकानदाराने गाडी न बघताच सांगितलं, "जुनी आहे ना, नवीन बॅटरी टाका." बॅटरी जेमतेम चौदा महिन्यांची. अशा वेळी घाईत पैसे घालवू नका, आधी मोजा. साधा मल्टिमीटर डिकीत असला की पुरतं.

सुरुवात मीटरशिवायही होते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावले आणि काकांना पुढे उभं केलं. "काका, मी किल्ली फिरवतो, दिवे मंद होतात का बघा."

"नाही रे, होते तसेच आहेत."

इथेच अर्धं कोडं सुटलं. किल्ली फिरवल्यावर दिवे लालसर होऊन विझायला आले, तर बॅटरी उतरलेली किंवा बॅटरीवरचं टर्मिनल सैल. नुसतं "टकटकटक" झालं तरी संशय तिथेच घ्यावा. पण दिवे तसेच लख्ख राहिले, तर बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. मीटरही तेच म्हणाला: गाडी बंद असताना 12.5 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग करा.

मग अडलं कुठे? मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंट्यावरच धरली, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, कारण रंगावर धरली तर आकडा खोटा येतो. आईला म्हटलं, "आई, पुढे येऊन किल्ली फिरव." हा आकडा 0.3 व्होल्टच्या आत असायला हवा. माझ्या मीटरवर आला 7.8. सेल्फला मिळायची ताकद वाटेतच, अर्थच्या म्हणजे करंट इंजिनापासून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरमध्ये, संपत होती.

दुसरी खूण हातालाच कळली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम लागली! इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून बॉडीपासून इंजिनापर्यंत वेगळी जाड अर्थ वायर असते. ती तुटत आली की करंट मिळेल ती वाट धरतो, आणि ती वाट म्हणजे ही बारीक केबल. तिचं आतलं अस्तर वितळलं तर चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकू शकतो. म्हणून केबल गरम लागली की सेल्फ मारणं तिथल्या तिथे थांबवा. धक्का मारायलाही मी याच कारणाने नको म्हटलं.

जंप केबलची एक वायर घेतली, एक चिमटा निगेटिव्हला, दुसरा थेट इंजिनाच्या धातूवर. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! आईने मागून हात जोडले.

जुनी अर्थ वायर बाहेरून ठणठणीत दिसत होती. प्लास्टिक सोललं, तर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी आणि चार-पाच तारा शिल्लक. खारा वारा आणि पावसाळे मुकाट्याने हेच करतात. जवळच्या बोर्ली पंचतनला एका वायरमनने जाड वायरला दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टमध्ये अडकवायची धातूची कडी) दाबून दिलं. बसवताना बॉडीवरचा रंग काचपेपरने खरवडून चकचकीत धातू काढला, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. परत मोजलं: 0.15. चालू इंजिनावर बॅटरीवर 14.1 व्होल्ट, म्हणजे चार्जिंगही ठीक.

तुमचा आकडा अर्थला ठीक आला, तर हीच मोजणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत करा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. तीही ठीक असेल, तर सेल्फवरच्या बारीक वायरला किल्ली फिरवताना 12 च्या आसपास येतात का बघा. येत नसतील तर बिघाड किल्लीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या जोडणीत, आणि जुन्या गाड्यांत तो स्विच झिजलेला असू शकतो. येत असूनही सेल्फ गप्प, तर सेल्फच काढावा लागेल.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवा. सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. डिकीत दहा-बारा-चौदाचे पाने, काचपेपर, हातभर जाड वायर आणि जंप केबल असू द्या.

आम्ही अकराला निघालो. ताम्हिणीत मुद्दाम उतारावर थांबून इंजिन बंद केलं आणि गरम इंजिनावर सेल्फ मारून बघितला. पूर्वीसारखा हलका फिरला.