सॅन फ्रान्सिस्कोच्या चढांवरची ट्रॉलीबस : एका दिवसाचा मार्ग आणि काही सूचना

सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे आपले बहुतेक लोक केबल कारच्या रांगेत तास-तासभर उभे राहतात, गोल्डन गेट पुलावर छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परततात. परंतु त्या शहरातील सामान्य नागरिक ज्या वाहनाने रोज चढ-उतार पार करतात, त्या ट्रॉलीबसकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. खाडीपलीकडच्या फ्रीमाँट शहरात भाचीकडे मुक्काम असताना आम्ही एक संपूर्ण दिवस याच वाहनासाठी राखून ठेवला. तो मार्ग कोणालाही सहज जमण्यासारखा असल्याने येथे सविस्तर देत आहे.

ट्रॉलीबस म्हणजे रबरी चाकांची, परंतु डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस. ट्रामला एक तार पुरते, कारण विजेच्या परतीचा मार्ग रुळांतून मिळतो. येथे रूळ नसल्यामुळे दोन तारा आणि बसच्या टपावर दोन लांब दांडे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोत ही सेवा 6 ऑक्टोबर 1935 रोजी सुरू झाली. 'मार्केट स्ट्रीट रेल्वे' या खाजगी कंपनीने आपल्या 33 क्रमांकाच्या ट्राममार्गावर प्रथम ट्रॉलीबस आणली. त्या काळी तेथील ट्रामवर दोन माणसे ठेवावी लागत, तर ट्रॉलीबस एकटा चालक नेऊ शकत असे. शिवाय ओल्या रुळांवर लोखंडी चाके घसरतात तशी रबरी चाके डांबरी रस्त्यावर घसरत नाहीत, हा डोंगराळ शहरात फार मोठा फायदा होता. महापालिकेच्या 'म्युनी'ने 1941 मध्ये हॉवर्ड रस्त्यावर स्वतःचा पहिला मार्ग सुरू केला, 1944 मध्ये खाजगी कंपनी ताब्यात घेतली आणि युद्धानंतरच्या अवघ्या काही वर्षांत झिजलेल्या ट्राममार्गांपैकी बरेचसे ट्रॉलीबसकडे वळवले. आजचे 5, 14 आणि 22 हे मार्ग त्याच काळातले.

अमेरिकेतील इतर बहुतेक शहरांनी मात्र याच सुमारास आणि पुढच्या दोन दशकांत तारा उतरवून डिझेलच्या बस आणल्या. बॉस्टननेही 2022 आणि 2023 मध्ये आपल्या ट्रॉलीबस बंद केल्यानंतर आता त्या देशात सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल, फिलाडेल्फिया आणि डेटन एवढीच शहरे उरली आहेत. आपल्या मुंबईतही बेस्टने 1962 मध्ये गोवालिया टँक ते माझगाव असा ट्रॉलीबसमार्ग सुरू केला होता आणि 1971 मध्ये तो बंद झाला, हे आजच्या पिढीला बहुधा ठाऊक नसते. एकाच मार्गासाठी तारा, उपकेंद्रे, वेगळ्या बस आणि वेगळे कारागीर पोसणे कोणत्याही संस्थेला जड जाते. मार्ग एकमेकांना छेदू लागले, एकाच आगारातून अनेक मार्गांवर बस पाठवता येऊ लागल्या, की तोच खर्च विभागला जातो. सॅन फ्रान्सिस्कोची ट्रॉलीबस टिकली यामागे जाळ्याचा हा विस्तार आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आम्ही बार्ट रेल्वेने सोळावा रस्ता-मिशन स्थानकावर उतरलो. स्थानकाबाहेर येताच वर पाहावे. 14, 22, 33 आणि 49 या मार्गांच्या तारा या चौकात एकत्र येतात, त्यामुळे डोक्यावर तारांचे दाट जाळे दिसते. जेथे दोन मार्गांच्या तारा एकमेकींना छेदतात, तेथे विरुद्ध ध्रुवांच्या तारा एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये विजेचा प्रवाह नसलेला छोटा तुकडा बसवलेला असतो. चालक त्याच्या आधी पेडलवरून पाय उचलतो, बस केवळ वेगावर पुढे सरकते, दांडे त्या जोडावरून जाताना 'टक्-टक्' असा आवाज येतो आणि मग पुन्हा गती मिळते. चौकातील थांब्यावर दहा मिनिटे उभे राहून हे नीट पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

येथून 33 क्रमांकाच्या बसने पश्चिमेकडे निघावे. डोलोरेस उद्यानाच्या कडेने ती अठराव्या रस्त्याने कॅस्ट्रो भागात जाते. तेथे उतरून आम्ही 24 क्रमांकाची दक्षिणेकडे जाणारी बस पकडली, कारण तिच्या मार्गावर नो स्ट्रीटचा जो टप्पा सव्विसावा रस्ता आणि सेझार चावेझ स्ट्रीट यांच्यामध्ये आहे, त्याचा चढ 22.8 टक्के आहे. चालत्या ट्रॉलीबसमार्गांमध्ये जगात याहून उभा चढ असल्याचे ऐकिवात नाही. शंभर मीटर पुढे जाताना जवळपास 23 मीटर वर चढायचे, तेही उभ्या प्रवाशांनी भरलेली बस घेऊन. विजेच्या मोटरची ताकद थांबलेल्या स्थितीतून सुटतानाच सर्वांत जास्त असते आणि तारेतून हवी तेवढी वीज त्या क्षणी ओढता येते, म्हणून हे शक्य होते. उतरताना मोटर उलट जनित्राचे काम करते आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाऊन त्याच वेळी चढणाऱ्या दुसऱ्या बसला उपयोगी पडू शकते. आम्ही जवळच्या थांब्यावर उतरून पदपथावरून एक बस चढताना पाहिली. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही, फक्त मोटरचा चढत जाणारा सूर आणि ताणलेल्या दांड्यांची हलकी थरथर. पायी चढून आलेले आम्ही मात्र धापा टाकत होतो.

त्याच मार्गाने कॅस्ट्रोला परतून पुन्हा 33 धरावी. या वेळी उजव्या हाताची खिडकी मिळाली तर उत्तम. बस मार्केट स्ट्रीटने ट्विन पीक्स या टेकड्यांच्या अंगावर चढत जाते आणि क्लेटन स्ट्रीटशी जवळजवळ माघारी फिरावे असे तीव्र वळण घेते. या वळणावर शहराचा मोठा भाग क्षणात खाली उलगडतो. वळताना टपावरचे दांडे बाजूला किती झुकतात, हे मागच्या बसकडे पाहून कळते. दांडा तारेवरून निसटलाच, तर चालक खाली उतरून मागच्या बाजूला बांधलेल्या दोऱ्यांनी तो पुन्हा जागेवर बसवतो. सध्याच्या न्यू फ्लायर बनावटीच्या बसमध्ये बॅटरीही असल्याने रस्त्यावर खोदकाम असेल तर तारा सोडून थोडे अंतर जाता येते. पूर्वी अशा वेळी संपूर्ण मार्ग अडून बसत असे.

ही वीज येते कुठून, हेही प्रवाशाला माहीत असावे. सिएरा नेवाडा पर्वतातील 'हेच हेची' नावाच्या खोऱ्यात 1923 मध्ये पूर्ण झालेले ओशॉनेसी धरण आणि त्या प्रकल्पातील जलविद्युत केंद्रे महापालिकेच्या मालकीची आहेत. 1913 च्या रेकर कायद्याने योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हे खोरे शहराला वापरू दिले, पण ती वीज पुनर्विक्रीसाठी खाजगी कंपनीला देण्यास मनाई केली. शहराच्या हाती स्वतःची वीज असल्याने ट्रॉलीबस सांभाळणे त्याला परवडण्याजोगे राहिले. त्यासाठी एक अत्यंत सुंदर खोरे पाण्याखाली गेले आणि निसर्गरक्षणाचा आग्रह धरणाऱ्या जॉन म्यूर यांच्यासारख्यांनी त्याला अखेरपर्यंत विरोध केला, ही किंमतही विसरता येत नाही.

33 च्या पश्चिमेकडील टोकाजवळ, आर्ग्वेलो आणि कॅलिफोर्निया या रस्त्यांच्या चौकात, 1 क्रमांकाची बस मिळते. 24 प्रमाणेच हा मार्गही 1980 च्या दशकात तारांखाली आला, म्हणजे इतर बहुतेक शहरांनी जाळे गुंडाळल्यानंतरही येथे ते वाढत होते. शहराच्या मध्यभागाकडे जाताना ही बस क्ले स्ट्रीटवरून उतरते. याच रस्त्यावर 1873 मध्ये अँड्र्यू हॅलिडी यांची पहिली केबल कार चालली होती. पॉवेल स्ट्रीटवर आजची केबल कार आडवी जाते, पण तिची ओढ जमिनीखालच्या दोरखंडातून असल्याने वर तारांचा गुंता होत नाही. पुढे चायनाटाउनमध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजी-आजोबांनी बस खच्चून भरते. ज्येष्ठांसाठी राखीव असलेल्या पुढच्या जागा पर्यटकांनी मोकळ्या ठेवाव्यात.

आता थोडे व्यवहाराचे. भाडे भरण्याचे क्लिपर कार्ड फोनमध्ये घेऊन ठेवावे. एकदा भाडे भरल्यावर दोन तासांपर्यंत दुसऱ्या बसमध्ये बदलता येते आणि कोणत्याही दाराने चढता येते, मात्र प्रत्येक वेळी कार्ड टेकवायला विसरू नये. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडे नाही. अनेक थांब्यांना शेड नसते, केवळ खांबावरचा पिवळा पट्टा हीच खूण असते, त्यामुळे नवख्याला थांबा सापडत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही धुके आणि बोचरा वारा असतो, म्हणून स्वेटर बरोबर हवाच. तारांची दुरुस्ती किंवा रस्त्यावरचा उत्सव असेल, तर ट्रॉलीबसच्या मार्गावर डिझेल-हायब्रिड बस धावतात. टपावर दांडे दिसले नाहीत तर पुढच्या बसची वाट पाहावी. 14 ऐवजी जलद 14आर पकडू नये, कारण एकाच तारेवरची ट्रॉलीबस पुढच्या ट्रॉलीबसला ओलांडू शकत नाही, म्हणून ती जलद सेवा तारांविनाच्या बसने चालते. वेळ उरला तर 49 ने व्हॅन नेस मार्गावर जावे. 2022 मध्ये सुरू झालेल्या तेथील बससाठीच्या स्वतंत्र मार्गिकांमुळे वाहनांच्या गर्दीतही ट्रॉलीबस अडत नाही. वेळापत्रके आणि मार्ग अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी म्युनीचा नकाशा पाहून घ्यावा.

1 क्रमांकाची बस क्ले आणि ड्रम या रस्त्यांच्या चौकात संपते. तेथून एम्बार्कडेरोचे बार्ट स्थानक काही मिनिटांच्या चालण्यावर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीपूर्वी, चारच्या आत, गाडी धरली तर फ्रीमाँटपर्यंत बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त असते.