भाऊचं पोट आणि भाऊचा कँटर : ऑक्टोबर ते मे

ऑक्टोबरनंतर मी काहीच लिहिलं नाही कारण चांगलं सांगण्यासारखं नव्हतं आणि वाईट सांगायची लाज वाटत होती. आता थोडंफार बरं चाललंय म्हणून सात महिन्यांचं एकदम लिहून काढते, लांबलंय, चहा घेऊन बसा.

नवीन आलेल्यांसाठी आधी ओळख. घोडा फ्योर्ड जातीचा, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला, वय ९, उंची १४४ सेंटीमीटर, इंचात मोजणाऱ्यांसाठी पावणेसत्तावन्न. रंग ब्रुनब्लाक, म्हणजे दहातल्या नऊ फ्योर्डांचा असतो तोच खाकी-बदामी, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ, पायांवर झेब्र्यासारखे पुसट पट्टे. नाव ब्रोर. नॉर्वेजियनमध्ये ब्रोर म्हणजे भाऊ, आपल्या भ्रात्याचाच लांबचा नातेवाईक शब्द, त्यामुळे घरी सगळे त्याला भाऊच म्हणतात आणि पुण्यातला माझा सख्खा भाऊ दर राखीला विचारतो की यंदा पाकीट नक्की कुणाला. आम्ही नॉर्वेत, बर्गनपासून पाऊण तासावर राहतो. भाऊ शेजारच्या शेतावर लोसद्रिफ्तमध्ये असतो, म्हणजे बंद तबेला नाही, उघडा निवारा, पाच घोडे एकत्र, आत-बाहेर ज्याच्या त्याच्या मर्जीने. आधी दीड वर्ष मी त्याची फोरवेर्त होते. ही इथली फार चांगली पद्धत आहे, घोडा दुसऱ्याचा, आपण आठवड्याचे दोन-तीन दिवस घ्यायचे, खर्चातला वाटा उचलायचा, लीद काढायची आणि रपेट मारायची. मागच्या ऑगस्टमध्ये त्याची मालकीण शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा मी तो विकतच घेतला. त्याआधीचा माझा घोड्याचा एकूण अनुभव म्हणजे दहाव्या वर्षी माथेरानला दस्तुरीपासून बाजारापर्यंत, तेही लगाम घोडेवाल्या काकांच्या हातात.

तर पहिलं दुःख, पोट. ऑक्टोबरमध्ये वजनाची टेप लावली, ५१८ किलो. या जातीचे घोडे साधारण ४०० ते ५०० मध्ये बसतात, आणि भाऊ काही मोठ्या हाडाचा नाही. मला वाटायचं गुटगुटीत दिसतो, फ्योर्ड असेच दिसतात की! व्हेट आली, तिने मानेचा वरचा कड दोन्ही हातांनी धरून हलवला, तो हललाच नाही इतकी चरबी, मग खूर उचलून त्यावरच्या वळ्या दाखवल्या आणि म्हणाली की उन्हाळ्यात बहुतेक लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतला दाह, हळूच येऊन गेलाय, तुला कळलं नाही इतकंच. मी गाडीत बसून रडले, खोटं कशाला सांगू.

आपल्याकडे मारवाडी-काठियावाडी घोडे ठेवणाऱ्या मंडळींना हे उलटंच वाटेल. तुमची काळजी असते खुराक कमी पडू नये. आई दर व्हिडिओ कॉलला विचारते, "अगं हरभरे देतेस ना त्याला? गूळ?" आणि मी तिला परत परत सांगते की आई, याला नुसतं हिरवं गवत दाखवलं तरी विषासारखं आहे. ही जात पश्चिम नॉर्वेच्या डोंगरकड्यांवर वाढलेली, वितभर जमीन, लांबलचक हिवाळा, जे मिळेल त्यातलं थेंबथेंब साठवून ठेवायचं हे अंगातच मुरलेलं. आणि आता तोच घोडा उभा आहे दुभत्या गाईंसाठी खत घालून वाढवलेल्या कुरणात. त्याचा काय दोष.

मग काय केलं ते सांगते. गवताची तपासणी करून घेतली, इथे पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले गठ्ठे असतात, अर्धवट वाळवून आंबवलेलं गवत. साखर निघाली १४ टक्के, अशा घोड्याला १० च्या आत हवी. शेतकरी दादा म्हणाले की दुसरा गठ्ठा जूनचा नाही, उशिरा कापलेला आहे, तो घे, काड्या जास्त आहेत. त्यात ९ निघाली. रोज मोजून ७ किलोच्या आसपास, म्हणजे वजनाच्या दीड टक्का, बारीक भोकांच्या जाळ्यांत भरून चार ठिकाणी टांगायचं, त्याने हिंडत हिंडत खायचं. बाकीच्या घोड्यांना वेगळं कुंपण घालावं लागलं आणि त्यांच्या मालकिणी माझ्यावर महिनाभर थोड्या नाराज होत्या. साखर आणखी कमी करायला गवत तासभर पाण्यात भिजवायचा प्रयोगही केला, नोव्हेंबरपर्यंत छान चालला, जानेवारीत जाळी जशीच्या तशी गोठून दगड झाली आणि भाऊने ती पुढच्या पायाने फुटबॉलसारखी आवारभर फिरवली. भिजवणं बंद.

आकडे असे आहेत: ऑक्टोबर ५१८, डिसेंबर ५०४, फेब्रुवारी ४९१, मे ४७२. टेप थोडी खोटं बोलते हे माहितीये, पण तीच टेप, तीच जागा, तोच मी धरलेला श्वास. मानेचा कड आता हलतो.

दुसरं दुःख मात्र माझंच मी ओढवून घेतलेलं. गेलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की भाऊ आळशी आहे, कँटर, म्हणजे दुडकी आणि गॅलप यांच्यामधली धाव, उचलतच नाही, अडेलतट्टू आहे अगदी. चालीला उत्तम, दुडकीला तर दिवसभर तयार, पण कँटर म्हटलं की दुडकी नुसती जोरात, जोरात, मग शेपटी फटकारणार, कान मागे, चार पावलं कशीबशी कँटर आणि परत दुडकी. नॉर्वेजियनमध्ये कँटर आणि गॅलप दोन्हीला एकच शब्द, गालोप, तो ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. लोकांचे सल्ले ठरलेले, पाय घट्ट मार, चाबूक दाखव, फ्योर्ड आहे, परीक्षा बघतोय तुझी. आणि मी मारले पाय. हे लिहिताना आत्ता जड जातंय.

नोव्हेंबरच्या शेवटी मी ठोकळ्यावरून चढताना खोगीर माझ्यासकट फिरलं, मी चिखलात, खोगीर पोटाखाली, आणि भाऊ जागचा हलला नाही, मान वळवून बघत राहिला. ज्यांच्याकडे फ्योर्ड आहे त्यांना माहितीये, यांना मानेमागचा पाठीवरचा उंचवटाच म्हणावा तसा नसतो, पाठ म्हणजे लोळवलेलं पिंप, खोगीर अडकायला काही नाही. आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, जिथे बसतो ती जागा कोपराला लागून इतकी पुढे की प्रत्येक पावलाला खोगीर पुढे पुढे सरकतं. तेव्हा शेवटी पैसे खर्च करून सालमाकर बोलावली, म्हणजे खोगीर बसवून देणारी. तिने खडूने खांद्याच्या फऱ्याची मागची कड आखली, मग पुढचा पाय उचलून पुढे ताणला, आणि फरा चार बोटं मागे आला, थेट माझ्या खोगिराच्या टोकाखाली. प्रत्येक कँटरच्या पावलाला त्याच्या खांद्यावर लाकूड आपटत होतं. खोगीर आधीच्या मालकिणीकडून घोड्यासोबत घेतलेलं, घोडा तेव्हा बारीक होता, नंतर मी फुगवला. दोन्ही बाजूंना फऱ्यामागे खळगे पडले होते, मी ते "फ्योर्डांचं असंच असतं" म्हणून सोडून दिलं होतं.

नवीन खोगीर हूप ट्रीचं आहे, म्हणजे आतला सांगाडा उलट्या यू अक्षरासारखा रुंद, गोल पाठीच्या घोड्यांसाठी. सेकंडहँड घेतलं तरी खिसा हलका झाला, नवऱ्याला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. शेपटीखालून जाणारा दुमचीचा पट्टा चढावर-उतारावर वापरते.

मग डिसेंबर-जानेवारी पाठीवर बसलेच नाही. अंधारही असतो म्हणा, साडेनऊला उजाडतं, साडेतीनला संपतं, आणि बर्गनचा पाऊस तर सांगायलाच नको, वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर, आंबोलीवाले हसतील पण आमचा बारा महिने वाटून येतो. पायांच्या मागच्या खाचेत खपल्या धरतात त्याला इथे मुग्ग म्हणतात, तो दोनदा झाला, केस कापून कोरडं ठेवलं, गेला. बर्फ पडला की नालांना बाहेरून टोकदार खिळे, ब्रोद्दर, आणि खुरात बर्फाचे गोळे साचू नयेत म्हणून नालाखाली रबरी पट्टी. नालबंद दर सात आठवड्यांनी.

त्या दोन महिन्यांत लांब लगामांनी मागून चालत हाकणं शिकलो. खरं तर ही जात ओढकामाचीच, शेत, लाकडं, ब्रिक्सदालच्या हिमनदीपर्यंत पर्यटकांच्या गाड्यासुद्धा पूर्वी हेच ओढायचे, त्यामुळे मागून आवाज देणारा माणूस भाऊला पाठीवरच्या माणसापेक्षा जास्त पटतो. थांबवायला इथे "प्त्रू" म्हणतात, ओठ थरथरवून. मला ते जमेपर्यंत आठवडा गेला, तोवर मी वैतागून "थांब रे!" म्हणायचे आणि तो आता दोन्हीला थांबतो. फक्त एकदा नाही थांबला, रस्त्याकडेला बर्फातून गवताचं एक पातं डोकावत होतं, मान खाली घालून तो निघाला आणि मी मागे पाण्यावरच्या स्कीसारखी. या मानेपुढे कुणाचं काही चालत नाही, मी हातमोजे घातलेले होते म्हणून तळहात वाचले. आता त्याचं डोकं खाली जायच्या आधी, कान त्या दिशेला वळला की लगेच वळण मागते. एकदा गेलं की गेलं.

फेब्रुवारीत पाठीवर बसले, फक्त चाल, फक्त जंगलातल्या चढाच्या वाटेवर. इथे मोकळ्या रानातल्या वाटांवर घोडा न्यायला कायद्याने मुभा आहे, हे सुख मला अजून खरं वाटत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, चढावर, दुडकीत असताना त्याने आपण होऊन कँटर उचलला. मी काही मागितलं नव्हतं. पावलं मोजली, ११. चढावर मागचे पाय आपोआप पोटाखाली येतात, पुढचं धड जड असलेल्या घोड्याला तिथे सोपं जातं, हे मला तत्त्व म्हणून माहीत होतं पण खाली ते घडलं तेव्हा मी अयाळ धरून हसत सुटले. एप्रिलमध्ये त्याच चढावर ४० पर्यंत गेलो. सपाट रिंगणात, २० बाय ४० मीटरच्या, उजवीकडून दीड फेरी होते. डावीकडून रडकथा आहे.

अयाळीबद्दल एक कबुली. फ्योर्डची अयाळ उभी कापतात, बाहेरचे केस पांढरे आणि मधली पट्टी काळी, बाहेरचे थोडे खाली कापले की काळी रेघ मुकुटासारखी वर उठून दिसते, आणि वरची कड मानेच्या कमानीला धरून. मी पहिल्यांदा स्वतः कापली. जिना झाला. सहा आठवडे भाऊ जिना घेऊन फिरला.

मेच्या सुरुवातीला नूर्दफ्योर्दैदला गेलो, स्टॅलियनांच्या, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्यांच्या, वार्षिक प्रदर्शनाला. गाडीने पाच-साडेपाच तास, मध्ये दोन फेरीबोटी. फ्योर्डप्रेमींची ही आपली सारंगखेड्याची जत्राच समजा, फक्त जिलेबी नाही आणि सगळे अळीमिळी गुपचिळी करून बघतात. तिथे बाकीचे रंग बघायला मिळाले, राखाडी ग्रो, लालसर रोब्लाक, आणि जवळजवळ पांढरा उल्सब्लाक, ज्याला बघून मुलगी म्हणाली की आई आपण चुकीचा घेतला. एका आजोबांनी त्यांच्या घोड्याच्या मांडीवरचे बारीक तपकिरी ठिपके दाखवले, न्योल-मेर्के म्हणतात, न्योल नावाच्या स्टॅलियनवरून. त्याची गोष्ट छान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोडे मोठे व्हावेत म्हणून दोले जातीशी संकर सुरू केला, रंग बदलले, स्वभाव बदलला, लोकांना पटेना, १९०७ मध्ये ते रक्त काढून टाकायचं ठरलं. आणि आज जगातला कुठलाही फ्योर्ड घ्या, १८९१ साली जन्मलेल्या न्योल १६६ (हा त्याचा नोंदणी क्रमांक) पर्यंत पोचतोच. मी घरी येऊन खरारा करताना भाऊच्या मांड्या बॅटरी लावून तपासल्या. डाव्या बाजूला एक ठिपका आहे, नवरा म्हणतो चिखल आहे, धुतल्यावर गेला नाही.

आता पुढचं संकट गवत. कुरण हिरवंगार झालंय, दिवसा ऊन आणि रात्री गारठा अशा दिवसांत गवतात साखर सगळ्यात जास्त साठते, आणि आमचा मे सगळा तसाच. म्हणून भाऊला चरायला मुसकं, खाली एक भोक असलेलं, पहाटे दोन तास, बाकी जाळी. मुसकं पहिल्या दिवशी वीस मिनिटांत काढलं, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून, म्हणजे शेजारच्या घोडीकडून, काढून घेतलं. आता आयाळीत वेणी घालून त्यात पट्टा ओवायचा सल्ला मिळालाय, पण आयाळ तर मी कापून ठेवलीये. कपाळावरच्या केसांना बांधून बघते.

काल संध्याकाळी रिंगणात डावीकडून ९ पावलं. दहाव्याला कुंपणापलीकडे गवत दिसलं. नालबंद गुरुवारी येतोय, वजन पुढच्या रविवारी.