तीन की आठ? ११० मराठाच्या जोडीचा निकाल

जोडी जमली! ११० मराठा लाइट इन्फन्ट्री या ब्रिटिश हिंदी लष्करातल्या पलटणीच्या एका शिपायाचं एकटं व्हिक्टरी, म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्राँझचं पदक, घेऊन मी सहा वर्षं बसलो होतो. त्याचं चांदीचं भावंड, त्याच शिपायाचं ब्रिटिश वॉर मेडल, आता समोर टेबलावर आहे. पण ते हातात आल्यापासून ‘हे त्याचंच’ असं म्हणायला तेवीस दिवस लागले, आणि त्यातले निदान वीस मी चुकीच्या पदकाकडे डोळे फाडून बघण्यात घालवले.

ज्याला व्हिक्टरी मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडल मिळालेलंच असणार, म्हणजे चांदीचं कधीतरी होतं एवढं नक्की. प्रश्न असतो तो ते अजून पदक आहे की कुणाच्या पैंजणात गेलंय याचा. तीसेक ग्रॅम चांदी, घरात लग्न आणि कोपऱ्यावर सराफ, मग काय राहतंय! विलायतेतही १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही पदकं ढिगानं मुशीत गेली. म्हणून तर पोरकी व्हिक्टरी एवढी दिसतात.

हे वाचलं ते घोड्यामुळे. सातारकडच्या एका सराफाचा फोन आला, ‘साहेब, घोडेवालं आलंय, बघताय का?’ मागच्या बाजूचा सेंट जॉर्ज त्यांना फार आवडतो, म्हणून वितळवायला जीव होत नाही म्हणे. भाव करताना मात्र चांदीचं वजन वेगळं आणि घोड्याचे वेगळे! दिले. बाजारातल्या काही विक्रेत्यांपेक्षा हा माणूस परवडला, ते आधी चकचकीत पॉलिश करतात आणि मग ‘मिंट कंडिशन’ म्हणून दुप्पट सांगतात.

घरी येऊन लूप (भिंग) लावला. या पदकांच्या रिमवर, म्हणजे कडेवर, शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव तेच, पलटण तीच. जाधवचं स्पेलिंगसुद्धा तसंच, शेवटी व्हीऐवजी ओ, म्हणजे ‘जाधाओ’. अंगावर काटा आला. मग नंबर वाचला. चार आकडी नंबर, तीन आकडे जुळतात, तिसऱ्या जागी माझ्या वहीत आठ आणि इथे तीन. इंग्रजी आकडे, त्यामुळे फरक म्हणजे डावीकडच्या दोन कमानी, बस.

एका पलटणीत एकाच नावाचे दोन जाधव असणं काही अवघड नाही. कोकणातून आणि घाटावरून भरती झालेल्या पलटणीत तर एकेका कंपनीत चार-चार निघतील. म्हणून नंबर जुळल्याशिवाय मी जोडी मानत नाही. नुसत्या नावावर ‘पेअर’ म्हणून खपवणारे आहेत, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

पहिला संशय अर्थात रीनेमिंगचा. व्हर्नियर काढला. (डिजिटल नको. सेल उतरला की काहीही दाखवतो. माझा डायलवालाच बरा.) सहा ठिकाणी व्यास मोजला, सगळीकडे ३६ मिलिमीटर, नंबराच्या जागीही. रिम घासून नवं नाव ठोकलं असतं तर तिथे खोलगट लागलं असतं. तो संशय मिटला.

मग झीज. आठाची डावी बाजू झिजून तीन दिसत असेल, असं मी स्वतःला पटवत होतो. आडवा टॉर्च धरून मोबाइलनं साठ-सत्तर फोटो काढले. शिसपेन्सिलचं घासकाम केलं, कागद फाटला. शेवटी मुलीच्या क्लेमध्ये रिम दाबली. ही युक्ती करून बघाच, खोल अक्षरं उलटी होऊन वर येतात आणि लूपपेक्षा स्वच्छ दिसतात. ठशात तीन आला. चारदा घेतला, चारही वेळा तीन. दोन्ही टोकं मोकळी, झिजल्याची खूण नाही.

म्हणजे दुसरा जाधव. हे मान्य करून मी ते पदक पाकिटात घालून ठेवलंही होतं.

बाविसाव्या दिवशी क्ले हाताशी होता म्हणून सहज व्हिक्टरीची रिम दाबली. ठशात आठ नाही! तीनच, आणि त्याच्या डावीकडे दोन आडव्यातिडव्या टवका उडाल्याच्या खुणा, वर पॉलिशचा जुना हिरवट गाळ. बाभळीच्या काट्यानं गाळ हलकेच काढला आणि तीन उघडा पडला. सहा वर्षं मी टवक्यांना आकडा समजत होतो. फितीवर शेजारी-शेजारी लटकणारी पदकं एकमेकांवर आपटतात, तसलेच ते टवके. शेजारच्यानेच मारले असतील का? बहुतेक. पुरावा नाही.

खरी गंमत पुढे. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत आठवाला जाधव मला कधीच सापडला नव्हता, म्हणून ‘जिवंत परतला’ असं वहीत लिहून मोकळा झालो होतो. तीनवाला दोन मिनिटांत सापडला. वडिलांचं नाव, गाव, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. स्मारक बसरा, मृत्यू १९१६च्या उत्तरार्धात. ११० मराठा पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधली, मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात अडकलेली. २९ एप्रिल १९१६ला त्यांचा सेनापती टाउनशेंडनं शरणागती पत्करल्यावर उरलेले सगळे तुर्कांच्या कैदेत. त्यानंतरची तारीख म्हणजे बहुधा बंदिवासातच गेला असणार. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा आहे. त्याचं नाव धातूवर उमटलेलं कदाचित या दोन रिमांवरच असेल.

नाही, थांबा. हे लिहिताना लक्षात आलं, मेला म्हणजे घरी ‘डेड मॅन्स पेनी’ आलेली असणार! युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवलेलं, ब्रिटानिया आणि सिंहवालं मोठं ब्राँझ, त्यावरही नाव असतं. म्हणजे आता शोध दोन गोष्टींचा, पेनी आणि १९१४-१५चा तारा, म्हणजे त्याच युद्धाचं आणखी एक पदक.

दोन्ही पदकं नव्या फितीवर कोर्ट माउंट करायची (म्हणजे हलू नयेत अशी पाठीवर पक्की बसवायची) ठरवली होती, माप घेऊन फीतही मागवली. आली ती पॉलिएस्टर, नारिंगी पट्ट्यावर विणीतल्या लाटांचा पत्ता नाही, प्लास्टिकच्या फुलासारखी चमक. परत पाठवली. पण आता माउंटिंगच रद्द. आधी महाड. कोकणात आणि साताऱ्याकडे कितीतरी गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत ती संगमरवरी पाटी असते, ‘या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत’ अशा अर्थाची. त्या गावात आहे का बघायचं. घर सापडलं तर पेनीबद्दल विचारेन, विकत मागणार नाही. पदकं सोबत नेऊ की नुसते फोटो, हे अजून ठरत नाहीये. बायको म्हणते ने. मला एसटीत चांदी घेऊन फिरायची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मागितली तर काय, याचीही.

तोवर वहीतले सगळे आठ पुन्हा तपासायला घेतलेत. एकोणीस झाले. त्यातल्या दोन ठिकाणी ‘तीन’ निघाला आणि एका ठिकाणी ‘शून्य’.